दवाखान्यातील वही

मुलांनो, हवा डोळ्यांना दिसत नाही, असे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. ते खरेच आहे. पण कुपवाडमध्ये राहणाऱ्यांना हवा दिसते, असेही काही दिवस असतात. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर उठून गच्चीवर जा आणि औद्योगिक वसाहतीच्या दिशेने पाहा. धुराड्यांतून निघालेला धूर सरळ वर जात नाही. थोडा वर चढतो, अडतो आणि चादर पसरावी तसा आडवा पसरतो. त्यात धुके मिसळते. या धूर आणि धुक्याच्या मिश्रणाला मराठीत ‘धुरके’ म्हणतात. शब्द नवा आहे, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

अशाच एका सकाळची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. मी आठवीच्या वर्गावर हजेरी घेत होते. एक मुलगी दहा मिनिटे उशिरा आली आणि दारातच उभी राहिली. “उशीर का झाला?” असे मी विचारले. तिने उत्तर दिले नाही. मी पुन्हा, जरा मोठ्या आवाजात विचारले. ती काही बोलेना. मला राग आला आणि मी तिला तसेच दारात उभे केले. दोन-तीन मिनिटांनी शेजारच्या बाकावरची मुलगी ओरडली, “टीचर, तिला बोलता येत नाही!” मी जवळ गेले. तिचे खांदे वरखाली होत होते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, ओठ फिके पडले होते. ती मुद्दाम गप्प नव्हती. शब्द उच्चारायला लागतो तेवढाही श्वास तिच्याजवळ उरला नव्हता.

आम्ही रिक्षा केली आणि तिला मिरजेच्या एका दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिच्या तोंडावर मुखवटा लावून औषधाची वाफ दिली. अर्ध्या तासाने तिच्या ओठांवर रंग आला. ती हळूच म्हणाली, “टीचर, सॉरी.” तेव्हा मला जी शरम वाटली ती अजून गेलेली नाही.

पण मला सांगायचे आहे ते पुढचे. केसपेपर काढण्यासाठी मी खिडकीजवळ उभी होते. तिथल्या सिस्टरने मोठ्या वहीत मुलीचे नाव, वय, गाव आणि तक्रार लिहिली. तक्रारीच्या रकान्यात तिने ‘दम लागणे’ असे दोनच शब्द लिहिले. सहज माझी नजर वरच्या ओळींवर गेली. त्याच तारखेला, त्याच रकान्यात, तेच दोन शब्द आणखी चार ठिकाणी होते. एक साठीचे आजोबा, एक दोन वर्षांचे बाळ, दोन बाया. मी सिस्टरला विचारले, तर ती मान वर न करता म्हणाली, “थंडीत असे दिवस येतात, मॅडम. एकदम सगळेच धापा टाकत येतात. मग चार दिवस कोणी नाही.”

हे पाच जण एकमेकांना ओळखत नव्हते. वेगवेगळ्या घरांत राहत होते. मग एकाच सकाळी ते सगळे एकाच दारात का आले?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी दोन शब्द पाहू. ‘दम’ हा शब्द तुम्हांला उर्दूतून माहीत आहे. त्याचा अर्थ श्वास. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही आला. दम लागणे, दम घेणे, दम धरणे हे सगळे मराठी वाक्प्रचार त्याच्यापासूनच झाले. ज्या आजारात दम वारंवार लागतो तो ‘दमा’. हवा, दवा, दवाखाना, इलाज, तारीख हे शब्दही दोन्ही भाषांत आहेत. मात्र सावध राहा. उर्दूत ‘गर्द’ म्हणजे धूळ. मराठीत ‘गर्द झाडी’ म्हटले की दाट झाडी! तिथे धुळीचा संबंध नाही. आपल्याला ज्या धुळीबद्दल बोलायचे आहे तिला मराठीत ‘धूलिकण’ म्हणतात.

हे धूलिकण सगळे सारखे नसतात. रस्त्यावरची धूळ डोळ्यांत जाते, नाकात जाते, आपण शिंकतो आणि ती बाहेर पडते. मोठ्या कणांना नाकातले केस आणि चिकट ओलावा अडवतात. पण लाकूड, कोळसा, डिझेल, कचरा जळतो तेव्हा निघणारे कण फार बारीक असतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुरातले कण अडीच मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. एका केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी बसतील. त्यांना नाक अडवू शकत नाही. ते श्वासनलिकेतून खाली उतरतात आणि फुप्फुसांतील अगदी लहान फुग्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत, पोहोचतात.

ज्याला दमा आहे त्याच्या श्वासनलिका आधीच हळव्या असतात. धूर लागला की त्यांच्या आतले अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळले जातात, कफ वाढतो. नळी अरुंद होते. बासरीतून हवा जाताना आवाज येतो, तसा या अरुंद नळीतून शिट्टीसारखा आवाज येतो. तोच मी त्या मुलीच्या छातीतून ऐकला होता.

धूर फक्त फुप्फुसांना त्रास देतो, असे पुष्कळ लोक समजतात. तसे नाही. बारीक कणांमुळे शरीरात दाह निर्माण होतो, रक्तात गुठळी होण्याची शक्यता वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. ज्यांचे हृदय आधीच कमजोर आहे त्यांना याचा फटका बसतो. अमेरिकेतील बोस्टन शहरात हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांची तपासणी झाली आणि ती २००१ साली प्रसिद्ध झाली. हवेतील बारीक कण वाढल्यावर अवघ्या दोन तासांच्या आत झटक्याचा धोका वाढलेला दिसला. दोन तास म्हणजे तुमच्या शाळेच्या तीन-चार तासिका. म्हणून त्या सकाळी वहीत छातीत दुखण्याची एखादी नोंद असती, तर तीही मी दम लागण्याच्या नोंदींबरोबर मोजली असती.

आता वहीकडे वळू.

डॉक्टर एका वेळी एकच रुग्ण पाहतो. त्याच्यासमोर आलेल्या आजोबांना दम का लागला, याची शंभर कारणे असू शकतात. त्यांनी औषध चुकवले असेल, सर्दी झाली असेल, ते रोज विडी ओढत असतील. एका रुग्णाकडे पाहून ‘हा हवेमुळे आजारी पडला’ असे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण वहीत सगळे रुग्ण असतात आणि प्रत्येकाच्या नावासमोर तारीख असते. वर्षभराच्या वहीतून दररोज दम लागलेले किती आले ते मोजा. दुसऱ्या कागदावर त्या त्या दिवशी हवेत धूलिकण किती होते ते लिहा. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. शास्त्रज्ञ हेच करतात.

यात एक मोठी हुशारी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समजा, आपण कुपवाडची तुलना कोकणातल्या एखाद्या खेड्याशी केली. कुपवाडमध्ये दम्याचे रुग्ण जास्त निघाले, तर कोणी म्हणेल, “इथले लोक विड्या जास्त ओढतात, घरे लहान आहेत, काम कष्टाचे आहे, म्हणून असे होते.” त्याला उत्तर देणे कठीण जाईल. पण आपण कुपवाडच्या सोमवारची तुलना कुपवाडच्याच गुरुवारशी केली तर? तीच माणसे, तीच घरे, त्याच विड्या. सोमवार ते गुरुवार एवढ्यात लोकांच्या सवयी बदलत नाहीत. हवा मात्र बदलते. मग फरक पडला तर तो कशाने?

अर्थात, इथेही फसायला होते. सोमवारी दवाखान्यात नेहमीच गर्दी असते, कारण रविवारी लोक दुखणे अंगावर काढतात. सणाच्या दिवशी घर सोडून कोणी येत नाही, दुसऱ्या दिवशी झुंबड उडते. कडाक्याची थंडी स्वतःच दम्याला वाईट. सर्दी-तापाची साथ असली तरी आकडे वाढतात. दिवाळीत तर फटाक्यांचा धूर, थंडीची सुरुवात आणि सुट्टी असे सगळे एकत्र येते. म्हणून अभ्यास करणारे लोक वार, सण, तापमान आणि साथ यांचा हिशेब आधी वेगळा काढतात. एवढे वजा करूनही धुराच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आकडा वर राहिला, तरच हवेचे नाव घेतात. गणित कंटाळवाणे आहे असे तुमच्यापैकी अनेक जण म्हणतात. हे गणित मला कधी कंटाळवाणे वाटले नाही.

अशा वहीने एकदा एका शहराचे कोडे सोडवले, ती हकीकत ऐका. स्पेन देशात बार्सिलोना नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. १९८१ ते १९८७ या काळात तिथे विचित्र प्रकार घडत असे. महिनोन्‌महिने सगळे शांत असे. मग एखाद्या दिवशी, काही तासांतच, दम्याचे अनेक रुग्ण तातडीच्या विभागात येत. कोणी घरी होते, कोणी रस्त्यावर, कोणी कामावर. काही जण दगावलेही. असे सव्वीस वेळा झाले. प्रथम कारखान्यांवर आणि मोटारींवर संशय गेला. पण मोटारी तर रोजच धावत होत्या, दमा मात्र ठरावीक दिवशीच उसळत होता.

तिथल्या डॉक्टरांनी व संशोधकांनी तातडीच्या विभागातल्या नोंदी काढल्या. रुग्ण कोणत्या भागातले आहेत ते पाहिले. बरेचसे बंदराच्या आसपासचे निघाले. मग त्यांनी आणखी एक वही मागवली. ती दवाखान्याची नव्हती, बंदराची होती. कोणत्या तारखेला कोणत्या जहाजातून काय उतरवले, हे तिच्यात लिहिलेले होते. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. १९८५ आणि १९८६ या दोन वर्षांत दम्याची लाट आलेले तेरा दिवस होते. त्या तेराही दिवशी बंदरात सोयाबीन उतरवले जात होते! तेथील एका कोठाराला धूळ अडवणाऱ्या गाळण्या बसवलेल्या नव्हत्या. सोयाबीन कोठारात पडताना त्याच्या टरफलांची बारीक धूळ उडे आणि वारा मंद असला की शहरावर उतरे. रुग्णांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या शरीराला सोयाबीनच्या धुळीचे वावडे आहे हेही दिसले. कोठाराला गाळण्या बसवल्या आणि दम्याच्या लाटा ओसरल्या.

गाळणी म्हणजे कापडाची मोठी पिशवीच. पण ती कुठे बसवायची हे दोन वह्यांनी सांगितले.

धान्याची, मिरचीची, हळदीची धूळ आपल्याला परकी नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तेव्हा तिथून नुसते चालत गेलात तरी तुम्हांला शिंका येतील. सगळ्यांनाच त्याने दमा होतो असे मुळीच नाही. पण पोती उचलणाऱ्या हमालाच्या नाकावर रुमाल का असतो, हे आता तुमच्या लक्षात येईल.

दुसरी हकीकत आपल्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्यांना जवळची वाटेल. अमेरिकेत यूटा राज्यात डोंगरांनी वेढलेले एक खोरे आहे. तिथे पोलादाचा मोठा कारखाना होता. १९८६ च्या ऑगस्टमध्ये कामगार व मालक यांच्यातील वादामुळे तो बंद पडला. तो पुन्हा सुरू झाला १९८७ च्या सप्टेंबरमध्ये. म्हणजे मधला एक पूर्ण हिवाळा कारखान्याविना गेला. आर्डन पोप नावाच्या प्राध्यापकाने दवाखान्यांतील नोंदी तपासल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत दमा आणि छातीच्या विकारांनी दाखल होणाऱ्या मुलांची संख्या बंद हिवाळ्याच्या मानाने दुप्पट-तिप्पट होती. हे पोप डॉक्टर नव्हते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. मोजणे ज्याला येते, त्याला दवाखान्याची वहीही वाचता येते.

ही गोष्ट वाचून कोणी म्हणेल, मग कारखाने बंदच करावेत. माझे मत तसे नाही. आपल्या वर्गातील कितीतरी मुलांचे वडील आणि भाऊ वसाहतीत कामाला आहेत. फौंड्रीची भट्टी थंड झाली तर घरातली चूलही थंड होते. पण भट्टीच्या धुराड्याला चांगली गाळणी असणे आणि नसणे, यांत फरक आहे. ती आहे का आणि चालू आहे का, हे विचारणे म्हणजे कारखान्याशी वैर करणे नव्हे.

जुनी आणि फार गाजलेली घटना लंडनची. १९५२ च्या डिसेंबरमध्ये, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, त्या शहरावर कोळशाच्या धुराचे आणि धुक्याचे दाट आवरण बसले. दिवसा समोरचा माणूस दिसेना. त्या सुमारास शहरात जनावरांचे प्रदर्शन भरायचे होते. तिथे आणलेली धष्टपुष्ट गुरेही धापा टाकू लागली आणि त्यांतली काही मेली. माणसे किती दगावली ते नंतर मोजल्यावर कळले. सुरुवातीचा अंदाज चार हजारांचा होता. पुढच्या काळातील अभ्यासकांनी तो बारा हजारांच्या आसपास नेला. १९५६ साली तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला.

आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९९७ आणि १९९८ या वर्षांत तातडीच्या विभागात आलेल्या रुग्णांचा असाच अभ्यास झाला. हवेतील प्रदूषण मर्यादेबाहेर गेल्यामुळे दमा, जुनाट श्वासविकार आणि हृदयविकाराचे झटके यांसाठी येणाऱ्यांची संख्या एक-पंचमांश ते एक-चतुर्थांश एवढी वाढलेली आढळली. मुंबईत त्याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. एस. आर. कामत यांनी चेंबूर, लालबाग आणि खार या भागांतील रहिवाशांची तपासणी सुरू केली होती. वर्षानुवर्षे दूषित हवेत राहिल्याने काय होते, हा त्यांचा प्रश्न होता. आपला प्रश्न वेगळा आहे. एका दिवसाच्या वाईट हवेने त्याच दिवशी काय होते, हा आपला प्रश्न आहे. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण दुसऱ्याचे उत्तर लवकर मिळते आणि त्यावर लवकर काही करताही येते.

मुंबईतच देवनार येथे कचऱ्याचे मोठे मैदान आहे. १९२७ पासून तिथे शहराचा कचरा पडत आला आहे. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याला आग लागली. धूर इतका होता की तो उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. गोवंडी, मानखुर्द, चेंबूर या भागांत लोकांचे डोळे चुरचुरू लागले, खोकल्याने झोप उडाली. आजूबाजूच्या शाळांना महानगरपालिकेने सुट्टी दिली. गोवंडीत उर्दू माध्यमाच्या शाळा पुष्कळ आहेत. म्हणजे तुमच्यासारखीच, हेच विषय शिकणारी मुले त्या दिवशी घरी बसली होती. पण घर तर शाळेपेक्षाही मैदानाच्या जवळ! खिडक्या बंद करून ज्यांच्या झोपडीत धूर थांबत नाही, त्यांनी सुट्टी घेऊन जायचे कुठे?

आता आपल्या गावाकडे येऊ. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ साली एक महानगरपालिका झाली. गावे तीन असली तरी हवा एकच आहे. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांच्या हवेत धूलिकण ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा सतत जास्त आढळले, त्यांची नावे त्यात घेतली. महाराष्ट्रातील त्या शहरांत मुंबई, पुणे, सोलापूर, कोल्हापूर यांच्याबरोबर सांगलीचेही नाव आहे.

हा धूर सगळा कारखान्यांचाच आहे असे समजू नका. ऊसतोड झाली की शेतकरी फडातले पाचट पेटवतात. वीटभट्ट्या जळतात. खडबडीत रस्त्यांवरून ट्रक जातात आणि मागे धुळीचा लोट उठतो. गल्लीच्या कोपऱ्यावर प्लॅस्टिक आणि जुने टायर शेकोटीत टाकलेले तुम्ही पाहिले असतील. कदाचित टाकलेही असतील! ही शेकोटी लहान, पण तिचा धूर थेट आपल्या नाकाशी. उंच धुराड्याचा धूर निदान थोडा वर तरी जातो.

आणि हे सगळे हिवाळ्यातच का बोचते? एरवी जमिनीजवळची हवा गरम होऊन वर जाते आणि धुराला बरोबर नेते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते. तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वरची हवा मात्र त्या मानाने उबदार राहते. पातेल्यावर ताटली झाकावी तसे होते. वाफ कोंडते तसा धूर कोंडतो. ऊन चांगले तापल्यावर ही ताटली उघडते. म्हणून पहाटेची हवा नेहमीच ताजी असते, हा समज थंडीच्या दिवसांत शहरात खरा ठरत नाही. तुमचे दादा किंवा नाना पहाटे फिरायला जात असतील आणि त्यांना दमा असेल, तर अशा दिवशी त्यांना ऊन पडल्यावर जायला सांगा.

आता आकड्यांविषयी थोडे. हवेतील बारीक कण प्रत्येक घनमीटरला दहा मायक्रोग्रॅमने वाढले, तर तातडीने दवाखान्यात येणारे छातीचे रुग्ण साधारण एखाद्या टक्क्याने वाढतात, असे जगभरातील अनेक अभ्यासांत दिसते. “एकच टक्का?” असे तुम्ही म्हणाल. मीही म्हटले होते. पण हिशेब करून पाहा. भारतात बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा साठ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती पंधरा सुचवली. एखाद्या वाईट दिवशी हवा नेहमीपेक्षा पन्नासने बिघडली, तर शंभर रुग्णांच्या जागी एकशे पाच येतील. हे वरचे पाच जण कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यांच्या कपाळावर तसे लिहिलेले नसते. पण ते पाच आहेत हे नक्की आणि त्यांपैकी एखाद्याला खाट मिळेपर्यंत उशीर होऊ शकतो.

हवा किती चांगली किंवा वाईट आहे, हे सांगण्यासाठी आपल्याकडे ‘हवा गुणवत्ता निर्देशांक’ वापरतात. पन्नासपर्यंत चांगली, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत खराब, चारशेपर्यंत अतिखराब आणि त्यापुढे गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ नावाचे ॲप मोबाईलवर मिळते. समीर म्हणजे वारा. ‘मध्यम’ या शब्दाने मात्र फसू नका. निरोगी माणसाला मध्यम हवा चालते, दम्याच्या मुलाला तिनेही त्रास होऊ शकतो.

वर्गात कोणाला दम लागला, तर त्याला आडवे झोपवू नका. बसते ठेवा, थोडे पुढे वाकू द्या, भोवतीची गर्दी हटवा आणि शिक्षकांना बोलवा. त्याच्या दप्तरात डॉक्टरांनी दिलेला पंप असेल तर तो लगेच द्या. पंपाची सवय लागते, असे आपल्या मोहल्ल्यात मोठी माणसेही म्हणतात. ते चूक आहे. पंपातून औषध अगदी थोडे आणि थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीपेक्षा ते लवकर काम करते. एक पंप दम लागल्यावर घ्यायचा असतो, दुसरा रोज, दम लागू नये म्हणून. कोणता केव्हा, ते डॉक्टरांनाच विचारायचे. आणि मूल एक वाक्यही पूर्ण बोलू शकत नसेल, किंवा ओठ निळसर पडले असतील, तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा. हे मला त्या सकाळी माहीत नव्हते.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिच्या अम्मीने सुरुवातीला पंप कपाटात लपवून ठेवला होता. “लोक पाहतील, उद्या लग्नाच्या वेळी बोलतील,” अशी त्यांना भीती होती. मी दोनदा घरी गेले. तिसऱ्यांदा डॉक्टरांनीच त्यांना समजावले, तेव्हा पंप कपाटातून दप्तरात आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तिनेच वर्गात एक वही सुरू केली. रोज सकाळी ती तारीख लिहिते, धुरके होते की नव्हते ते लिहिते, निर्देशांक मिळाला तर तो लिहिते आणि वर्गात किती जण खोकत होते ते मोजते. साठ मुलांच्या वर्गावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला सांगितले आहे. त्याला हजारो नोंदी लागतात. तिने ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी विचारले, “टीचर, नववीच्या दोन्ही वर्गांनी लिहिले तर?” आता तीन वर्गांत तीन वह्या आहेत. रविवारचा रकाना तेवढा रिकामा राहतो.

स्वाध्याय

१. सिस्टरच्या वहीतील कोणती गोष्ट पाहून लेखिकेला प्रश्न पडला?
२. कुपवाडची तुलना दूरच्या खेड्याशी न करता कुपवाडशीच का करावी? तुमच्या शब्दांत लिहा.
३. बार्सिलोनाचे कोडे सोडवायला दवाखान्याची एकच वही का पुरली नसती?
४. दम लागणे, दुखणे अंगावर काढणे, झुंबड उडणे, जीव भांड्यात पडणे हे वाक्प्रचार स्वतःच्या वाक्यांत वापरा.
५. या पाठातील उर्दूतही असलेले दहा शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दाचा अर्थ मराठीत बदलला आहे?
६. तुमच्या गल्लीत आठ दिवसांत कुठे कुठे कचरा जाळला गेला ते तारीखवार लिहून वर्गात वाचून दाखवा.